बातमीची हमी कोण देणार?

जनसंपर्काचं काम स्वतःच्या नावावर सुरू करणारा माणूस पहिलं गिऱ्हाईक मिळवायच्या घाईत असतो आणि त्या घाईत प्रस्तावात एक ओळ लिहून जातो : ‘दरमहा किमान दहा बातम्यांची हमी.’ समोरच्या उद्योजकाला ती ओळ आवडते, कारण त्याला मोजता येईल असं काहीतरी हवं असतं. सही होते. पुढे वर्षभरात या व्यवसायाचं जे काही बिघडतं, त्यातलं निम्मं तरी या एका ओळीतून निघतं, असं माझं ठाम मत आहे.

बातमी आपल्या मालकीची नसते. ती घ्यायची की नाही, कुठल्या पानावर, किती ओळींत, हे वृत्तपत्र ठरवतं. महिन्याच्या बावीस तारखेला सहा बातम्या आलेल्या असतात, चार बाकी असतात आणि कंपनीत सांगण्याजोगं काही घडलेलं नसतं. मग कर्मचाऱ्यांनी आवारात झाडं लावल्याची प्रेसनोट निघते आणि ओळखीच्या बातमीदाराला ‘तेवढं एक सिंगल कॉलम बघा ना’ असा फोन जातो. तो एकदा ऐकतो, दुसऱ्यांदा भिडेखातर ऐकतो. तिसऱ्यांदा फोन उचलत नाही, आणि पुढे खरीखुरी बातमी घेऊन गेलं तरी उचलत नाही. या धंद्यात यंत्र नाही, माल नाही, गोदाम नाही. भांडवल म्हणून जे काही असतं, ते पत्रकाराच्या मनात आपल्याबद्दल असलेला भरवसा. पैसे गिऱ्हाईक देतं, पण ते ज्या गोष्टीसाठी देतं ती मिळते पत्रकाराच्या भरवशावर, आणि त्याला आपण एक पैसाही देत नाही, देऊही नये. म्हणून फी, करार, बिलाची तारीख, गिऱ्हाइकांची संख्या हे सगळं असं बसवावं लागतं की तो भरवसा मोडून गिऱ्हाईक खूश करायची वेळच येऊ नये.

करारात हमी द्यायची ती कामाची. महिन्याला दोन प्रेसनोट, चार वेगवेगळ्या पत्रकारांना त्यांच्या बीटला, म्हणजे वाटून दिलेल्या बातमीक्षेत्राला धरून सुचवलेले चार विषय, मालकाच्या किंवा तज्ज्ञाच्या नावाने एक अभ्यासपूर्ण लेख, अडचणीच्या वेळी दोन तासांत प्रतिसाद, पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत कात्रणांसह अहवाल. एवढं लिहिलं की गिऱ्हाइकाला मोजायलाही मिळतं आणि आपल्यालाही वचन पाळता येतं. कराराची मुदत पहिल्यांदा सहा महिने ठेवावी. पहिले दोन महिने माणसं, आकडे, फोटो, जुनी कागदपत्रं गोळा करण्यातच जातात, त्यामुळे तीन महिन्यांच्या करारात काम रंगात येतं तेव्हा मुदत संपत आलेली असते. दोन्ही बाजूंना ६० दिवसांची नोटीस. सभागृह, फलक, चहापाणी, गाडी हा खर्च फीमध्ये धरायचा नाही, तो मंजूर करून आगाऊ घ्यायचा. सभागृहाचं भाडं आपल्या खिशातून भरून नंतर मागत बसणं हे नवख्यांचं हमखास फसण्याचं ठिकाण.

फी किती, हा प्रश्न बहुतेकजण शेजारच्या एजन्सीकडे बघून सोडवतात. तासांवरून सोडवलेला बरा. एकट्याने काम करणाऱ्याचा हिशेब मांडून बघू. महिन्यात कामाचे २२ दिवस. दिवसाच्या आठ तासांपैकी गिऱ्हाइकांच्या नावावर लावता येतील असे पाच. उरलेले तीन वर्तमानपत्रं वाचण्यात, बिलांच्या मागे लागण्यात आणि नव्या माणसांना भेटण्यात जातात, ते टाळता येत नाहीत. म्हणजे हातात ११० तास. घरी न्यायचे ६० हजार, जागा-इंटरनेट-प्रवास-फोन मिळून २५ हजार, कर आणि कोरड्या महिन्यांसाठी बाजूला १५ हजार, असे १ लाख लागत असतील आणि ११० पैकी १०० तासच विकायचे असतील, तर तासाचा दर १,००० रुपये पडला. वर लिहिलेल्या कामाला एका गिऱ्हाइकामागे साधारण २५ तास लागतात, तेव्हा मासिक रिटेनर, म्हणजे दरमहा ठरलेली फी, २५ हजार. अशी चार गिऱ्हाइकं झाली की १०० तास भरले. उरलेले १० तास विकायचे नाहीत, ते कुणाच्या तरी अडचणीसाठी राखून ठेवायचे. पाचवं गिऱ्हाईक १२ हजारांत तयार आहे म्हणून घेतलं, की हे १० तास जातात, शिवाय पहिल्या चौघांचे तासही कापले जातात. आणि एका गिऱ्हाइकाचा वाटा एकूण मिळकतीच्या एक तृतीयांशावर जाऊ लागला, तर सावध व्हावं. मग त्याला ‘ही बातमी नाही, साहेब’ असं सांगायची ताकद राहत नाही.

सरकारी सोपस्कार फार नाहीत. या व्यवसायाला परवाना लागत नाही. मोजकीच माणसं असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना द्यायची, व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये भरायचे, आणि ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी मात्र पहिल्याच आठवड्यात करायची. ती मोफत आहे आणि पुढे तीच पैसे वसूल करून देते. सूक्ष्म आणि लघू उद्योगांची देणी लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत चुकवावीत, असं २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग) विकास कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. त्यात करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून प्राप्तिकराची तरतूद अशी आली की या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर देणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा दाखवता येत नाही. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापावा. मार्च जवळ आला की गिऱ्हाइकाचा हिशेबनीस आपण होऊन फोन करतो.

जीएसटीचं गणित वेगळं आणि थोडं निर्दय आहे. सेवांना वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, पण मोठ्या कंपन्यांना करासह बिल हवं असतं, म्हणून पुष्कळजण आधीच नोंदणी करतात. एकदा बिल फाडलं की १८ टक्के कर सरकारला देणं लागतो, गिऱ्हाइकाने पैसे दिले असोत वा नसोत. २५ हजारांच्या बिलावर ४,५०० रुपये. दोन गिऱ्हाइकांनी तीन-तीन महिने थकवले, तर २७ हजार रुपये न मिळालेल्या उत्पन्नावरचा कर म्हणून आपल्या खिशातून जातात. यावर एकच उपाय चालतो : रिटेनरचं बिल महिन्याच्या एक तारखेला, आगाऊ, आणि सात तारखेपर्यंत पैसे. ‘काम झाल्यावर बघू’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी इथेच, सुरुवातीलाच बोलून घेतलेलं बरं.

पहिलं काम कुठून मिळतं? बहुतेक वेळा मुंबई-दिल्लीच्या मोठ्या एजन्सींकडून. त्यांना नाशिक, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथे माणूस हवा असतो, जो स्थानिक पत्रकारांना नावानिशी ओळखतो आणि इंग्रजी प्रेसनोट वाचनीय मराठीत आणतो. कामागणिक पैसे मिळतात, घर चालतं. पण तिथे नाव त्यांचं आणि चेहरा आपला असतो. दिल्लीहून आलेली नोट जशीच्या तशी पुढे ढकलली, तर पत्रकाराच्या लेखी ती आपणच लिहिलेली असते. म्हणून असोसिएट, म्हणजे अशा एजन्सीचा स्थानिक सहकारी, म्हणून काम घेताना मजकूर बदलायची मुभा आधी मागून घ्यावी. हळूहळू स्वतःचं एक क्षेत्र धरावं, आणि ते आपल्या जिल्ह्यातूनच निघावं : नाशिकला द्राक्ष आणि वाइन, इचलकरंजीला यंत्रमाग, जालन्याला पोलाद आणि बियाणं, कोल्हापूरला फाउंड्री, रत्नागिरीला हापूस. शेतीचं क्षेत्र धरलं तर ‘अ‍ॅग्रोवन’ रोज वाचल्याशिवाय काम करता येत नाही. फाउंड्रीचं धरलं, तर बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कास्टिंगमध्ये नेमकं काय बिघडतं हे कळायला दोन दिवस भट्टीजवळ उभं राहावं लागतं. विषय कळणारा जनसंपर्कवाला पत्रकाराला उपयोगी पडतो, आणि उपयोगी माणसाचा फोन उचलला जातो.

आता प्रत्यक्ष प्रेसनोटकडे येतो, कारण सगळी परीक्षा तिथे होते. समजा, जत तालुक्यात एका उद्योजकाने बेदाण्यासाठी शीतगृह बांधलं. त्याच्या कचेरीतून येणारा मजकूर साधारण असा असतो : ‘नावीन्याच्या ध्यासाने झपाटलेल्या आणि ग्राहकांच्या विश्वासाला सदैव पात्र ठरलेल्या आमच्या समूहाने आपल्या यशस्वी वाटचालीत आणखी एक मानाचा तुरा खोवला आहे.’ उपसंपादक हे वाचून पुढच्या मेलकडे वळतो. तीच गोष्ट अशी लिहिता येते : ‘जत : तालुक्यातील बेदाणा उत्पादकांसाठी दोन हजार टन क्षमतेचे शीतगृह सोमवारपासून (ता. १२) सुरू होत आहे. साठवणुकीसाठी माल तासगाव किंवा सांगलीला नेण्याचा खर्च त्यामुळे वाचेल.’ यात समूहाचं नावही पहिल्या दोन वाक्यांत नाही, ते तिसऱ्यात येईल. मालकाला हे झोंबतं. त्याला सांगावं लागतं की बातमी शेतकऱ्याच्या वाहतूक खर्चाची आहे, तिच्यात तुमचं नाव आलं की ते वाचलं जातं. पुढे साठवणुकीचा दर, वीज गेली तर जनरेटरची सोय, नोंदणी कशी करायची, मालकाचं दोनच वाक्यांचं म्हणणं. ‘आम्हाला अतीव आनंद होत आहे’ हे म्हणणं नव्हे. ‘गेल्या हंगामात बेदाणा काळा पडला, म्हणून आर्द्रता मोजणारी यंत्रं प्रत्येक खोलीत बसवली’ हे म्हणणं आहे. सगळं मिळून अडीचशे ते तीनशे शब्द.

मजकूर युनिकोडमध्ये, मेलमध्येच चिकटवलेला हवा. पीडीएफमधून मराठी उचलताना काना-मात्रा विस्कटतात आणि रात्री आठ वाजता ती नीट करायला कुणालाही वेळ नसतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर तर उघडला की नुसती चिन्हं दिसतात. फोटो वेगळा, जेपीजीमध्ये, आडवा, एक-दोन एमबीचा, आणि फोटोओळीत नावं ‘डावीकडून’ क्रमाने. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर तो दाबला जाऊन छपाईत फुटतो. नावांची तपासणी हे स्वतंत्र काम आहे. इंग्रजी नोटवरून यंत्राने भाषांतर केलं की काळे यांचे काले होतात, दळवींचे दलवी. कोल्हापूरकडचे पोवार पवार छापले गेले, तर त्या घरात ते कात्रण कधीच जपून ठेवलं जात नाही. प्रत्येक नाव ज्याचं त्याला मराठीत लिहून दाखवून घ्यावं, दहा मिनिटांचं काम असतं.

वेळ पाळण्याचं महत्त्व नवख्यांना उशिरा कळतं. लांबच्या तालुक्यांकडे अंक नेणारी गाडी आधी निघते, त्यामुळे त्यांची पानं संध्याकाळीच लागतात. शहर आवृत्ती रात्री उशिरापर्यंत खुली असते. जतची बातमी संध्याकाळी सात वाजता पाठवली, तर जिथे ती वाचली जायला हवी त्या जत तालुक्याच्याच पानात तिला जागा नसते. दुपारी एकच्या आत मेल, चारच्या सुमारास एकच फोन, तोही ‘मिळालं का, आणखी काही लागेल का’ एवढ्यापुरता. संध्याकाळी सहानंतर डेस्कवरच्या माणसाला फोन करू नये, आग लागली असेल तरच. आपल्या यादीत प्रत्येक पत्रकाराच्या नावापुढे बीट, आवृत्ती, पान लागण्याची वेळ, त्याने अलीकडे काय लिहिलं आणि आपलं काय नाकारलं हे असावं. नाकारल्याची नोंद फार मोलाची असते, त्याला काय नको हे तिथे दिसतं. बीट बदलत राहतात, दर तीन महिन्यांनी यादी ताजी करावी.

पत्रकार परिषदेचा सोस शक्यतो टाळावा. पुण्यात गांजवे चौकातलं पत्रकार भवन असो की मुंबई मराठी पत्रकार संघ, एकाच दिवशी तिथे एकामागून एक परिषदा असतात आणि बातमीदार धावत असतो. प्रश्न विचारण्याजोगं काही असेल, माणूस सहज भेटणारा नसेल, किंवा काही प्रत्यक्ष दाखवायचं असेल, तरच परिषद घ्यावी. बाकीच्या वेळी दोन पत्रकारांना कारखान्यात नेऊन निवांत दाखवलेलं अधिक चांगलं छापून येतं. पाकिटाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. परिषदेनंतर भेटकूपन किंवा रोख ठेवलेलं पाकीट वाटायची रीत आहे, गिऱ्हाईकही ‘सगळेच देतात’ म्हणून आग्रह धरतं. देऊ नये. पाकीट घेणाऱ्याला आपली किंमत कळते आणि न घेणारा प्रामाणिक बातमीदार, जो आपल्याला सर्वांत जास्त हवा असतो, तो पुढच्या वेळी येत नाही. जाहिरातीचंही तसंच. अनेक ठिकाणी तालुक्याच्या बातमीदाराला जाहिराती आणायचं उद्दिष्टही दिलेलं असतं, तो बिचारा बातमीबरोबर तेही विचारतो. गिऱ्हाइकाकडे बजेट असेल तर जाहिरात उघडपणे, जाहिरात विभागाकडून, पावतीवर द्यावी, आणि बातमीशी तिची गाठ बांधू नये. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये अहवाल स्वीकारला, तेव्हापासून हा विषय कुणाला नवा नाही.

गिऱ्हाईक स्वीकारण्याआधी त्याचे कागद बघावेत. बिल्डर असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक. रेरा कायद्यातली जाहिरातीची व्याख्या कुठल्याही स्वरूपातल्या प्रसिद्धीपर्यंत जाते, तेव्हा नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची प्रेसनोट काढून ‘ही तर बातमी होती’ म्हणता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने प्रकल्पाच्या जाहिरातींत क्यूआर कोडही सक्तीचा केला आहे. डॉक्टर असेल तर २००२ ची व्यावसायिक आचारसंहिता वाचावी : दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, अशा मोजक्या गोष्टींची घोषणा चालते, रुग्ण ओढण्यासाठी केलेली आत्मप्रसिद्धी नाही. डॉक्टरांसाठी काम करायचं तर आजाराबद्दल माहिती देणारे लेख हाच सरळ रस्ता आहे. कंपनी शेअर बाजारात असेल, छोट्या कंपन्यांच्या एसएमई मंचावर असली तरी, महत्त्वाची घोषणा आधी एक्स्चेंजकडे जाते, संचालक मंडळाचे काही निर्णय तर, बैठक बाजाराच्या वेळेत संपली असेल तर, ३० मिनिटांत. आपली प्रेसनोट त्यानंतर. ती माहिती आधी आपल्या हाती आली, तर शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीच्या नियमांप्रमाणे आपलं नाव पॅनसह कंपनीच्या नोंदीत जातं, आणि त्या काळात घरातल्या कुणीही तो शेअर घेऊ नये.

राखून ठेवलेले ते दहा तास लागतात अपघाताच्या दिवशी. कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवून तीस कामगारांना विषबाधा झाली, असं धरू. मालकाची पहिली प्रतिक्रिया फाटक बंद करायची आणि फोन न उचलायची असते. १९०६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचे डबे पुलावरून पाण्यात पडून पन्नासहून अधिक माणसं गेली, तेव्हाही रेल्वे कंपन्यांची रीत तीच होती. पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा सल्लागार आयव्ही ली याने उलट केलं : पत्रकारांना जागेवर नेलं आणि कंपनीच्या नावाने लेखी निवेदन दिलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते छापलं. सव्वाशे वर्षं होत आली, त्याहून चांगली पद्धत अजून निघालेली नाही. पहिल्या तासात साठ-सत्तर शब्दांचं निवेदन जावं : काय घडलं, किती जणांना कुठे दाखल केलं, कंपनी आत्ता काय करते आहे, पुढची माहिती किती वाजता मिळेल. कारणाबद्दल एक अक्षर नको, कारण अन्नाचे नमुने तपासून येईपर्यंत ते कुणालाच माहीत नसतं, आणि ‘पाणी बाहेरचं होतं’ असं घाईने म्हटलेलं वाक्य पुढे चौकशीत नडतं. नावं नातेवाइकांना कळवल्याशिवाय देऊ नयेत. बोलणारा माणूस एकच. आणि सहा वाजता माहिती देऊ म्हटलं, तर सांगण्याजोगं नवीन काही नसलं तरी सहा वाजता फोन करायचाच.

महिनाअखेरीच्या अहवालात अजूनही पुष्कळ एजन्सी कात्रणाचे कॉलम-सेंटिमीटर मोजून, जाहिरातीच्या दराने गुणून, ‘इतक्या लाखांची प्रसिद्धी मिळाली’ असा आकडा देतात, काही तर वर तिपटीने गुणतात. जनसंपर्काच्या मोजमापासाठी ठरवलेल्या २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांनी ही पद्धत मोडीत काढली. त्या आकड्याने गिऱ्हाईक एक वर्ष खूश राहतं, मग विचारतं, लाखांची प्रसिद्धी झाली तर माल का विकला गेला नाही? त्यापेक्षा चौकशीच्या फोनवर ‘आमच्याबद्दल कुठे वाचलंत?’ हा प्रश्न विचारायला लावून त्याची उत्तरं नोंदवावीत. शीतगृहाच्या बातमीनंतर जतमधून किती नोंदण्या आल्या, कुठल्या गावांतून, हे अहवालात लिहावं. आकडा सात असला तरी खरा असतो आणि त्यावर पुढच्या महिन्याचं काम ठरवता येतं.

गिऱ्हाईक कधीतरी सोडून जातंच. नोटिशीच्या ६० दिवसांत नेहमीसारखं काम करावं, शेवटचं बिल आगाऊच घ्यावं, आणि जाताना सगळी कात्रणं, मूळ फोटो, मंजूर झालेले मजकूर, समाजमाध्यमांचे पासवर्ड एका फोल्डरमध्ये घालून द्यावेत. पत्रकारांची यादी मात्र देऊ नये, कुणी कितीही हक्काने मागितली तरी. ते नंबर त्या माणसांनी आपल्याला दिलेले असतात.